गच्चीवरील खळे आणि घराचा कठडा

खळे हा शेतकऱ्याच्या वर्षभराच्या श्रमांचा शेवटचा टप्पा होय. पूर्वी हे खळे शेतात असे. जमीन चोपून, शेणाने सारवून, मधोमध तिवडा रोवून त्यावर बैलांची पात फिरे. मळणीयंत्र आल्यावर पात गेली आणि तिवडाही गेला. पुढे घरावर स्लॅब पडला आणि खळ्याचे जे काम उरले होते, म्हणजे धान्याचे वाळवण, ते घराच्या माथ्यावर जाऊन बसले. आज सोयाबीन, तूर, हरभरा, मिरची, हळद यांपासून पापड-कुरडयांपर्यंत बहुतेक वाळवण गच्चीवर होते. तेथे माती लागत नाही, गुरे तोंड घालीत नाहीत आणि दिवसभर ऊन मिळते. हा बदल चांगलाच झाला.

परंतु या बदलात एक गोष्ट आपल्या ध्यानातून निसटली. शेतातील खळ्यावर काम करणाऱ्याचा पाय कडेबाहेर पडला, तर तो धसकटात पडे. गच्चीवरील खळ्यावर पाय कडेबाहेर पडला, तर माणूस दहा-बारा फूट खाली पडतो. खळे वर नेताना त्याला कड करावयाचे राहून गेले. पुष्कळ घरांवर स्लॅब झाला तेव्हा हातचा पैसा संपला आणि कठडा पुढील वर्षावर गेला. काही ठिकाणी वर मजला चढवावयाचा म्हणून कठडा मुद्दामच ठेवला. ते पुढील वर्ष कित्येक घरी अजून उजाडलेले नाही.

एका घरचा अनुभव

सन २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीच्या व अवकाळी पावसाने राज्याच्या मोठ्या भागात काढणीस आलेली पिके भिजली. त्या वेळी मी मराठवाड्यात नोकरीस होतो. भिजलेले सोयाबीन बुरशीपासून वाचवावे, साठवणीपूर्वी त्यातील ओलावा १२ टक्क्यांच्या आत आणावा, यासाठी आम्ही गावोगाव फिरून सांगत होतो की, माल रस्त्यावर पसरू नका, मातीवर पसरू नका, स्वच्छ गच्चीवर ताडपत्री अंथरून पातळ पसरा व दिवसातून चार वेळा हलवा. सल्ला शास्त्रशुद्ध होता. पुष्कळांनी तो मानला आणि त्यांचा माल वाचला.

एका घरी मात्र त्या घरच्या काकू दाताळ्याने सोयाबीन हलवीत मागे मागे सरकत गेल्या. दाताळे आपल्याकडे ओढताना माणूस पाठीमागे चालतो, हे आपण सर्व जाणतो. ताडपत्री स्लॅबच्या अगदी कडेपर्यंत अंथरलेली होती, त्यामुळे कड कोठे संपते हे पायाला कळले नाही. कठडा नव्हता. त्या अंगणात पडल्या. जीव वाचला, पण मांडीचे हाड मोडले आणि तो रब्बी हंगाम त्यांनी खाटेवर काढला. पुढे मी भेटीस गेलो, तेव्हा त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “साहेब, दाणा किती ओला राहिला ते तुम्ही रोज इचारलं. कडेचं कुणी इचारलं न्हाई.”

त्या बोलण्यात तक्रार नव्हती, पण चूक नेमकी दाखविलेली होती. ज्या जागी आपण माणसाला काम करावयास सांगतो, ती जागा कामास योग्य आहे की नाही हे पाहणे सल्ला देणाऱ्याचेही कर्तव्य आहे. तेव्हापासून वाळवणाविषयी बोलताना मी कठड्याविषयीही बोलतो. पुढील माहिती त्याच हेतूने दिली आहे.

कठडा कसा असावा

कठड्याच्या अंगी तीन गुण हवेत : पुरेशी उंची, रेटा सोसण्याचे बळ आणि लहान मूल आरपार जाणार नाही अशी रचना.

उंची : गच्चीच्या तयार पृष्ठभागापासून कठडा साडेतीन फूट, म्हणजे सुमारे १.०५ मीटर उंच करावा. कंबरेखालचा कठडा माणसाला अडवीत नाही; उलट त्याला अडखळून माणूस डोक्यावर खाली जातो. बैठक म्हणून केलेला दीड-दोन फुटांचा कट्टा हा कठडा नव्हे. पुढे गच्चीवर कोबा किंवा फरशी करावयाची असल्यास तेवढी जाडी उंचीत आधीच वाढवून धरावी. नाहीतर चांगला कठडा कोब्यानंतर ठेंगणा होतो.

बळ : कठड्यावर वरून भार येत नाही, आडवा रेटा येतो. छपरावरील कठड्याने दर मीटर लांबीस सुमारे ७५ किलोग्रॅमचा आडवा रेटा सोसावा, असे भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात धरले आहे. तोल गेलेला माणूस पोत्यासह कठड्यावर आदळला, तर कठड्याने त्याला थोपविले पाहिजे. कठडा केवळ दिसावयास असला तर तो नसण्यापेक्षाही वाईट. कारण माणूस त्याच्या भरवशावर रेलतो.

रचना : गजांमधील फट चार इंचांहून, म्हणजे दहा सेंटिमीटरहून अधिक नसावी. त्याहून रुंद फटीतून लहान मुलाचे अंग निसटते व डोके अडकते. गज उभे लावावेत. आडव्या नळ्यांचा कठडा स्वस्त पडतो, परंतु मुलांना ती आयती शिडी होते.

विटांचा कठडा

खालच्या भिंतीच्या किंवा तुळईच्या बरोबर वर कठडा येत असेल, तर विटांचा कठडा टिकाऊ व सोयीचा पडतो. साडेचार इंच जाडीची भिंत पुरते, मात्र ती एकटी उभी करू नये. दर आठ फुटांवर व प्रत्येक कोपऱ्यावर नऊ इंच चौरस खांब बांधावा. स्लॅबमधून वर आलेल्या कॉलमच्या सळया असतील, तर त्या खांबात घ्याव्यात. नसतील तेथे स्लॅबला भोक पाडून, धूळ फुंकून काढून, १० मिलिमीटरची सळई घट्ट बसवावी व ती खांबातून वरपर्यंत न्यावी. भोक तुळईवर पाडावे. पातळ स्लॅब आरपार फोडू नये.

बांधकामापूर्वी स्लॅबच्या कडेस टाचे मारावेत, ती धुवावी व सिमेंटची रबडी फिरवावी. गुळगुळीत स्लॅबवर नुसती वीट ठेवून चढविलेला कठडा पुढे तळाशी आडवा तडकतो. विटा भिजवून घ्याव्यात. सिमेंट व वाळूचे प्रमाण एकास पाच ठेवावे. माथ्यावर तीन इंच जाडीची काँक्रीटची पट्टी, आत ८ मिलिमीटरच्या दोन सळया घालून, सर्व खांबांवरून सलग न्यावी. ही पट्टी संपूर्ण कठड्याला एकत्र बांधते आणि पावसाचे पाणी भिंतीत मुरू देत नाही. पट्टीला गच्चीच्या बाजूस थोडा उतार द्यावा. बांधकामावर किमान सात दिवस पाणी मारावे. उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते म्हणून हे काम दिवाळीनंतर केल्यास बरे पडते.

साहित्याचा अंदाज असा : साडेतीन फूट उंचीच्या दहा फूट भिंतीस सुमारे दोनशे विटा लागतात. वीस फूट बाय तीस फूट घराचा घेर शंभर फूट होतो. त्यास दोन हजार विटा, आणि वीटकाम व दोन्ही बाजूंचा गिलावा मिळून चौदा-पंधरा गोण्या सिमेंट धरावे. खांब व माथ्याची पट्टी यांचे साहित्य निराळे.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. अशा भिंतीचे वजन गिलाव्यासह दर फूट लांबीस ऐंशी किलोच्या घरात जाते. भिंतीबाहेर काढलेल्या छज्जाच्या किंवा सज्जाच्या टोकावर ते चढवू नये. तेथे कठडा आत, भिंतीच्या रेषेवर घ्यावा, अथवा लोखंडी नळ्यांचा हलका कठडा करावा. सज्जा किती भार सोसेल याविषयी शंका असल्यास जाणत्या अभियंत्याला दाखवूनच काम करावे.

लोखंडी कठडा

ज्यांना पुढे मजला चढवावयाचा आहे, त्यांना लोखंडी कठडा सोयीचा. मजला चढेल तेव्हा तो सोडवून वर नेता येतो. म्हणजे “मजला व्हायचा आहे” हे कठडा न करण्याचे कारण उरत नाही.

उभे खांब दीड इंची जाड नळीचे घ्यावेत व दोन खांबांत पाच फुटांहून अधिक अंतर ठेवू नये. खरा प्रश्न खांबाच्या पायाचा असतो. चार-पाच इंच जाडीच्या स्लॅबच्या अगदी काठावर बोल्ट ठोकल्यास काँक्रीटचा कपचा उडतो आणि पहिल्याच रेट्याला खांब कपच्यासह बाहेर येतो. म्हणून खांबाची पट्टी तुळईच्या बाहेरील अंगास बोल्टांनी आवळावी. अथवा कडेने नऊ इंच उंचीचा, सळया घातलेला काँक्रीटचा कट्टा स्लॅबशी जखडून ओतावा व खांब त्यात पक्के करावेत. असा कट्टा आणखी एका कामाचा आहे : वाऱ्याने धान्य खाली जात नाही आणि दाताळे ओढताना टाच कट्ट्याला लागून माणूस वेळीच सावध होतो.

लोखंडाचा शत्रू गंज. गंज बहुधा खांबाच्या बुडाशी लागतो, कारण तेथे पाणी साचते. खांबाभोवती सिमेंटचा उतरता गोळा करून पाणी बाजूस वळवावे. नळ्यांची वरची तोंडे झाकण झाळून बंद करावीत. उघड्या नळीत पाणी शिरले म्हणजे ती आतून सडते आणि वरून चांगली दिसते. झाळकाम सांध्याच्या सर्व बाजूंनी सलग करून घ्यावे, केवळ टिपके देऊन भागवू नये. सांध्यावरील कीट घासून काढून रेड ऑक्साइडचा एक हात व तेलरंगाचे दोन हात द्यावेत. रंग दर दोन-तीन वर्षांनी नवा करावा. कोकणपट्टीत खाऱ्या हवेमुळे तो दरवर्षी पाहावा.

विजेच्या तारांची खबरदारी : घराजवळून लघुदाबाची तार जात असेल, तर ती आडव्या अंतराने किमान १.२ मीटर, म्हणजे चार फूट दूर असली पाहिजे. अंतर त्याहून कमी असल्यास आधी वीज कंपनीकडे तार हलविण्यासाठी अर्ज करावा, मग कठडा. गच्चीवर लांब नळ्या उभ्या करून चढवू नयेत. वीस फुटी नळीचे टोक तारेला लागावयास क्षण पुरतो. तयार झालेल्या लोखंडी कठड्यास विजेची वायर बांधू नये.

माळवदाचे घर

मराठवाडा व सोलापूरकडील जुन्या माळवदाच्या घरांत बाहेरच्या भिंती रुंद दगड-मातीच्या असतात. कठडा त्या भिंतीवरच उभारावा. माळवदाच्या मातीत खांब रोवू नयेत. भोकावाटे पाणी आत उतरते व खालची लाकडे कुजतात. भिंतीचा माथा सैल झाला असेल, तर वरचे थर उतरवून नव्याने बसवावेत व नंतरच कठडा चढवावा.

पाण्याची वाट

कठडा केल्यावर गच्चीत पाणी तुंबते, ही पुष्कळांची तक्रार असते व ती खोटी नाही. पण दोष कठड्याचा नसून न ठेवलेल्या वाटेचा असतो. दर चारशे चौरस फूट गच्चीस चार इंची एक नळ ठेवावा. गच्ची लहान असली तरी दोन नळ असावेत, म्हणजे एक तुंबला तरी दुसरा चालतो. उतार नळाकडे असावा. वाळवण संपल्यावर भुसा, काडीकचरा नळाच्या तोंडाशी बसतो. तो मृगापूर्वी काढावा.

जिना आणि शिडी

बाहेरील जिन्याला पुष्कळदा एकही बाजू नसते आणि पोते तर त्याच वाटेने वर जाते. डोक्यावर किंवा पाठीवर पोते असलेल्या माणसाला पायरीची कड दिसत नाही. मोकळ्या बाजूस, पायरीच्या नाकापासून तीन फूट उंचीवर, मुठीत मावेल अशी दीड इंची नळी वरपासून खालपर्यंत सलग न्यावी. शिडी वापरणाऱ्यांनी शिडीचे टोक गच्चीच्या कडेवर तीन फूट निघेल एवढी लांब शिडी घ्यावी व ती वर बांधावी. शिडीच्या तोंडाशी कठड्यात जी वाट ठेवली असेल, तिला आत उघडणारे फाटक असावे.

जुना कठडा तपासणे व बदलणे

दरवर्षी पावसाळ्यानंतर कठडा पाहावा. विटांच्या कठड्यात तळाशी आडवी चीर, बाहेरच्या बाजूस आलेला फुगवटा किंवा लोणा लागून झडणारा गिलावा दिसल्यास तो भाग भरवशाचा नाही असे समजावे. लोखंडी खांबाच्या बुडाशी हातोडीने हलकेच ठोकावे. पापुद्रे सुटले किंवा आवाज बद्द आला, तर नळी सडली आहे. कठड्याचे बळ पाहावयाचे असल्यास बाहेर रेटून पाहू नये. वरच्या नळीला दोर बांधून, दोघांनी गच्चीच्या मध्यावर उभे राहून आतल्या बाजूस ओढावा. खांब हलला तर त्याचा पाया गेला आहे.

जुना कठडा एकदम सगळा पाडू नये. एका दिवसात जेवढा बांधून होईल तेवढाच उतरवावा व तो गच्चीच्या आतल्या बाजूस पाडावा. खालील अंगणात दोर लावून मुले व जनावरे दूर ठेवावीत. कडेस काम करणाऱ्या गवंड्याच्या कंबरेला दोर बांधून तो मागील कॉलमला अडकवावा. रात्री कोणतीही कड मोकळी ठेवू नये.

या हंगामापुरती सोय

ज्यांना यंदा कठडा करणे जमणार नाही, त्यांनी निदान पुढील गोष्टी कराव्यात. यांस फारसा खर्च नाही.

१. कडेपासून तीन फूट आत गच्चीभर चुन्याची किंवा रंगाची ठळक रेषा ओढावी. ताडपत्री व धान्य या रेषेच्या आतच ठेवावे.

२. पत्र्याच्या रिकाम्या डब्यांत काँक्रीट भरून मधोमध बांबू उभे करावेत, ते रेषेवर मांडून दोन दोर ताणावेत. हे कुंपण माणसाला थोपविणार नाही, पण सावध करील.

३. दाताळे ओढताना पाठ कडेकडे न करता कडेला समांतर चालावे.

४. उन्हाळ्यात कठडा नसलेल्या गच्चीवर झोपू नये. झोपेतून उठलेल्या माणसाला दिशेचे भान नसते.

५. संक्रांतीच्या सुमारास मुले पतंग घेऊन वर जातात. त्या दिवसांत जिन्याची वाट बंद ठेवावी.

६. वर आलेल्या सळयांची टोके वाकवून त्यांवर सिमेंट चढवावे किंवा जाड नळीचे तुकडे बसवावेत.

कार्यकर्त्यांना विनंती

गावपातळीवर काम करणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांना एवढेच सांगणे आहे की, काढणीपूर्वीच्या सभेत ओलावा, प्रतवारी व साठवण यांबरोबर गच्चीचा विषयही घ्यावा. दसऱ्यापूर्वी गावात एक फेरी मारून कठडा नसलेल्या व वाळवण होणाऱ्या घरांची यादी करावी. चार-सहा घरांनी एकत्र येऊन एकच गवंडी व एकच लोहार लावला, विटा व नळ्या एकदम आणल्या, तर वाहतूक व मजुरी वाचते. एका घरी काम नीट झाले, की शेजारी ते पाहून करतात. बियाण्याच्या बाबतीत हा अनुभव आपणा सर्वांस आहेच.

शेतकरी बंधु-भगिनींनो, बांध फुटला तर आपण त्याच दिवशी तो धरतो, कारण माती वाहून जाताना डोळ्यांना दिसते. गच्चीची उघडी कड रोज डोळ्यांपुढे असते, म्हणूनच ती दिसेनाशी होते. यंदा माल वर चढविण्यापूर्वी एकदा आपल्या गच्चीच्या चारही कडांनी, आतल्या बाजूने, सावकाश फिरून पाहा. दाणा किती ओला आहे हे नंतर पाहता येईल.